हिरव्या वायरीला दोन गाठी

३ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

दूध उतू जाता जाता मी पातेलं खाली ओढलं होतं, चादरी साबणात भिजत घातल्या होत्या आणि हात पुसायला फडकं शोधत होते. तेवढ्यात मधल्या दारातून डोकं आत घालून तुम्ही विचारलंत, "वहिनी, चहात साखर विसरलात, की आज भांडणाचा बेत आहे?" मी ओलं फडकं फेकून मारलं. ते तुम्हाला न लागता कॅलेंडरला लागलं. गाड्या दुरुस्तीच्या शेडमधून तुमचे दादा ओरडले, "धाकट्या, बॅटरी आणायला जातोस की मी जाऊ?" तुम्ही सायकल काढलीत. मग मी त्यांना शेडमध्ये चहा नेऊन दिला, घर झाडलं, वाचनालयाचं पुस्तक परत करून आले, चादरी पिळल्या. एवढीच सकाळ. सांगण्यासारखं तिच्यात काही नाही. पण परवा पाकिटावर तुमचं अक्षर पाहिलं आणि नेमकी तीच सकाळ समोर उभी राहिली.

एकोणीस वर्षांनी पत्र, आणि तेही चार ओळींचं. दादांची वायरिंगची वही असेल तर पाठवा, नसेल तर राहू दे. कशा आहात, हेसुद्धा नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही, मग तेही गप्प बसतात. दादांना जाऊन आठ महिने झाले. निरोप तुम्हाला वेळेत मिळाला होता, हे जाऊबाईंच्या चिठ्ठीवरून कळलं. तुम्ही आला नाहीत. का, ते मी विचारणार नाही.

वही आहे. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं निम्मं वाचन त्या वहीवर आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या जाडजूड पुस्तकांवर झालं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लोक इंग्रजी अक्षरं चित्रांवरून शिकतात, मी शिकले वायरींच्या रंगांवरून. बी म्हणजे काळी, यू म्हणजे निळी आणि तपकिरीला एन. तपकिरीला एन कशाला, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेबाचं सगळं उलटंच असतं वहिनी. बॅटरीचं अधिक टोकसुद्धा तो गाडीच्या सांगाड्याला जोडतो. त्याच्या घरी सासू सुनेला घाबरत असणार." सासूबाई तेव्हा शेजारीच बसल्या होत्या. तुम्ही दोन दिवस त्यांच्यासमोर आला नाहीत.

वही रजिस्टर टपालाने पाठवते आहे. पण एक सांगा. वायरीला पुन्हा हात लावणार नाही म्हणून गेला होतात ना? मग आता कुणाची गाडी?

तुमची,
वहिनी

१४ फेब्रुवारी

वहिनी,

वही मिळाली. तिला अजून रॉकेलचा वास येतो. बायको म्हणाली, ही कपाटात नको, खिडकीत ठेवा.

विचारलंत म्हणून सांगतो. सतरा वर्षं लाकडाच्या वखारीत मापं घेतोय. वखार मे महिन्यात बंद होणार. इथे एक निवृत्त वैमानिक राहतात. त्यांच्या शेडमध्ये सहा जुन्या ब्रिटिश गाड्या आहेत. त्यांतल्या टपालाच्या व्हॅनमध्ये तर परवापर्यंत कोंबड्या अंडी घालत होत्या. त्यांना वायरिंग करणारा कायमचा माणूस हवा आहे. वखारीत फळ्या घ्यायला आले होते. मी तुटलेल्या दिव्याची वायर जोडत होतो. ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हा हात लाकूड मोजणाऱ्याचा नाही." मी म्हणालो, नाही जमणार. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये हजर.

सगळ्या गाड्यांचा रोग एकच. वायरीच्या टोकाची पितळी गोळी रबरी नळीत गंजून बसलेली. ती पक्कडीने ओढून काढायची, वायर थोडी मागे कापायची, तांबं लख्ख घासायचं, नवी गोळी बसवून डाख द्यायचा आणि नळीत दाबायची. नीट बसली की टक् असा आवाज येतो. तो आवाज मी एकोणीस वर्षांनी ऐकला.

वैमानिकसाहेबांनी विचारलं, "एवढं येतं, मग सोडलं का?" पंधरा एप्रिलपर्यंत हो की नाही ते सांगायचं आहे आणि त्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. मी काय सांगू?

तुम्ही विचारणार नाही म्हणालात, पण मी सांगतो. दादाला रंग दिसत नव्हते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. लाल, हिरवा, तपकिरी त्याला सारखेच. पिकलेला टोमॅटो तो दाबून ओळखायचा. मी कुणाला बोललो नाही. ज्याला वायरींचे रंग कळत नाहीत त्याच्याकडे गाडी कोण देईल? रोज सकाळी आठ ते नऊ शेडचं दार लावून तो वायरींना दोऱ्याच्या गाठी मारायचा, तपकिरीला एक, हिरवीला दोन, लालला तीन. मला वाटायचं, उजेडात भिंग लावून, पुस्तकाशी ताडून कसं तरी जमवत असेल.

डॉक्टरांच्या काळ्या गाडीच्या वेळी मी डॅशबोर्डखाली पाठीवर पडलो होतो. दादाने दोन वायरी हातात दिल्या, ग्रीसने काळ्याकुट्ट. दोन्हींना एकेक गाठ. मी म्हणालो, "दादा, यातली एक हिरवी वाटते. वायपरची असेल." तो म्हणाला, "गाठी मोजता येत नाहीत का? दोन्ही तपकिरीच्या नळीत घाल." मी घातल्या. तपकिरी वायर थेट बॅटरीकडून येते, मध्ये फ्यूज नाही; हिरवी किल्लीतून आणि फ्यूजमधून येते. किल्ली फिरवून वायपर लावून पाहिला, तो चालला. किल्ली काढून पाहिला असता तरी चालला असता आणि तिथेच चूक कळली असती. ते कुणी पाहिलं नाही. दोन दिवसांनी दवाखान्याच्या दारात वायपर अडकला. उडायला फ्यूज नव्हता, म्हणून वायर जळाली, आणि पाठोपाठ गाडी. आतली बॅग काढायला गेले आणि डॉक्टरांचा डावा हात भाजून निकामी झाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या गेटवर वीस माणसांसमोर दादा म्हणाला, "जोडणी धाकट्याने केली." मी त्याला आधीच सांगितलं होतं, वहिनी. त्याला ते आठवत होतं. तरी म्हणाला. मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर त्याच्या डोळ्यांचं उघड करावं लागलं असतं. म्हणून मी आलो नाही.

वायरीचा जळका तुकडा तो घरी घेऊन गेला होता. एवढंच सांगा. त्याला कळलं होतं का?

धाकटा

२ मार्च

प्रिय भावोजी,

उत्तराला उशीर झाला. मध्ये दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. छप्पर गळत होतं, गवंडी येऊन गेला. तो म्हणाला, "आजी, पत्रा बदला." मी म्हणाले, आजी कुणाला म्हणतोस, आधी शिडी धर. शेड अजून तशीच आहे. खिडकीची काच फुटली आहे, तिथे पुठ्ठा लावला आहे. तुमची फळी भिंतीला उभी आहे, ती चाकं लावलेली, जिच्यावर पडून तुम्ही गाडीखाली सरकायचा. तिच्यावर दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी पडू दिलं नाही.

तुम्ही एक गोष्ट चुकीची धरून चालला आहात. भिंगाने रंग दिसायला लागले असते तर तुमच्या दादांनी चष्म्याच्या जागी भिंगच बांधलं असतं. गाठी ते मारत नव्हते. मी मारायचे. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला शेडमध्ये नेलं, दार लावलं आणि दोन वायरी समोर धरून विचारलं, "यांच्यात फरक आहे का?" मी हसले. वाटलं, नव्या नवरीची थट्टा चालली आहे. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून आठ ते नऊ ही माझी ड्यूटी. रॉकेलच्या फडक्याने वायर पुसायची, रंग बघायचा, गाठ मारायची. वायर नळीत बसली की ते दोरा कापून टाकायचे. तुम्हालासुद्धा सांगायचं नाही, असं वचन घेतलं होतं. आता ते नाहीत, म्हणून सांगितलं.

त्या दिवसाचं मला नीट आठवत नाही. एकोणीस वर्षं झाली. तुकडा त्यांनी कुठे तरी फेकून दिला असेल. ते त्याबद्दल माझ्याशी काही बोलले नाहीत.

वैमानिकांना हो म्हणा. मागचं कशाला उकरायचं? तुमचा हात चांगला होता, अजूनही असेल. जाऊबाईंना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

११ मार्च

वहिनी,

गाठी तुमच्या होत्या! बायको म्हणाली, "एवढं काय हसताय?" मी तिला काय सांगणार? आठ ते नऊ मी बाहेर टायरवर बसून राहायचो आणि मनात म्हणायचो, दादा कसला ध्यान लावून बसतो. आत तुम्ही होतात! एवढी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नाही. एका माणसाने गुपित ठेवलं तर समजू शकतो. दोघांनी ठेवायचं म्हणजे कमालच.

दोन दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी वखारीत फळी मोजताना हात थांबला. गाठी तुमच्या असतील तर त्या बरोबरच असणार. तुम्ही आईची सुई अंधारात ओवून देत होतात. मग दादाने वायरी आपल्या हाताने बदलल्या का? की त्या वायरीला दोनच गाठी होत्या आणि मीच एक मोजली? काळोखात पडलो होतो, घाम डोळ्यांत जात होता. इतकी वर्षं मला जी एक गोष्ट पक्की ठाऊक होती, तीच आता सैल झाली आहे.

काल साहेबांच्या व्हॅनच्या वायपरची जोडणी केली. गोळी नळीत घातली, टक् आवाज आला. ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. अकरा वेळा. साहेब मागे उभे होते, ते मला कळलं नाही. म्हणाले, "चहा घ्या."

मी ठरवलं आहे. नाही म्हणून कळवतो. चूक माझी असेल तर मला तिथे जायचा हक्क नाही. आणि दादाने जाणूनबुजून माझ्यावर ढकललं असेल तर ते घेऊन मला त्या कामात जगता येणार नाही. दोन्हींतलं काय खरं, हे सांगणारं आता कुणी नाही.

तुम्ही मात्र बरं केलंत, गाठींचं सांगितलंत. तेवढं तरी कळलं.

धाकटा

२६ मार्च

भावोजी,

सांगणारं आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाचा. मध्येच फेकावंसं वाटलं तर फेका, पण वहिनीला दम घ्यायला वेळ द्या आणि मग उचला. मी हे घडलं त्या क्रमाने लिहिते, माझ्या सोयीच्या क्रमाने नाही.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला ती सकाळ सांगितली. दूध, चादरी, साखर. त्यांना शेडमध्ये चहा दिला, असं मी लिहिलं, आणि त्याच्या पुढचं वाक्य घर झाडल्याचं लिहिलं. त्या दोन वाक्यांच्या मध्ये आठ ते नऊ होतं, ते मी गाळलं.

वाचनालयाचं पुस्तक त्या दिवशी परत द्यायचं होतं. जाडी कादंबरी, शेवटची अकरा पानं राहिली होती. ग्रंथपालबाई दहाला खिडकी बंद करायच्या आणि मुदत आधीच एकदा वाढवून घेतली होती. तुम्ही बॅटरी आणायला गेलात. मी शेडमध्ये गेले तेव्हा ते पुस्तक पदराखाली होतं. त्यांनी डॅशबोर्डमागून निघणाऱ्या नऊ वायरी पुढे केल्या. मी एकेक पुसायला लागले. सात झाल्या. आठवी पुसली, तपकिरी निघाली, एक गाठ मारली. नववी तिच्याच शेजारी, तिच्याइतकीच काळी, तिच्याइतकीच जाड. फडक्यातलं रॉकेल वाळलं होतं. बाटली चार पावलांवर होती. मी बोटाने नुसती चोळली, तपकिरी वाटली, आणि एक गाठ मारली. चार पावलं, भावोजी. मग मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ती अकरा पानं वाचली आणि साडेनऊला पुस्तक घेऊन निघाले. शेवटी त्या कादंबरीत काय झालं, ते मला आज आठवत नाही.

म्हणून तुम्ही गाठी बरोबर मोजल्या. आणि दादांनीही बरोबर मोजल्या.

इथवर चूक झाली. चूक माणसाकडून होते, आणि एवढंच असतं तर मी ते आधीच्या पत्रात लिहिलं असतं. पुढचं ऐका.

गाडी जळाली त्या दुपारी ते घरी आले. जेवले नाहीत. खिशातून जळका तुकडा काढला. वितळलेली रबरी नळी आणि तिच्या तोंडाशी वायरीचं बोटभर वेष्टण, न जळलेलं. म्हणाले, "धाकटा तेव्हाच म्हणाला होता, ही हिरवी वाटते. मी त्याला गप्प केलं. तू बघ बरं. कुठली आहे?" मी तो तुकडा खिडकीशी नेला. आगीच्या धगीने ग्रीस उतरलं होतं. पुसायचीसुद्धा गरज नव्हती. हिरवी होती.

मी म्हणाले, "तपकिरी."

त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की."

त्यांनी तुकडा परत खिशात घातला. म्हणाले, "म्हणजे जोडणी जागेवर होती. मग त्याने नळी नीट दाबली नसेल, वायर उघडी राहिली असेल. पोराने हयगय केली." आणि दुसऱ्या दिवशी गेटवर ते जे बोलले, ते खरं समजून बोलले. तुमच्या दादांनी तुमच्यावर काही ढकललं नाही. ढकललं मी. त्यांच्या तोंडून.

का, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. भीती होती, हे एक उत्तर. पण पूर्ण नाही. दिवसभरात त्यांना माझी गरज अशी नव्हतीच. डबा कुणीही भरला असता. पण आठ ते नऊ दुसऱ्या कुणाचं काम नव्हतं. तो तास गेला असता तर माझ्याकडे काय उरलं असतं? हिरवी म्हटलं असतं तर त्यांनी रागावून घेतलं असतं आणि पुन्हा माझ्या नजरेवर भरवसा ठेवला नसता. एवढ्यासाठी मी तुमचं नाव जाऊ दिलं. लिहिल्यावर ते किती छोटं दिसतं, ते मी आता बघते आहे.

त्यानंतर ते अंथरुणाला खिळेपर्यंत रोज सकाळी त्यांनी मला रंग विचारले आणि मी सांगितले. एकेक वायर दोनदा पुसून. त्यांनी एकदाही शंका घेतली नाही.

तुमच्या फळीच्या चाकांना ते दर महिन्याला तेल द्यायचे. मी विचारलं नाही कशाला. शेवटच्या महिन्यात त्यांना मी चमच्याने पेज भरवत होते. म्हणाले, "धाकट्याने एकदा फक्त चुकलो म्हणायचं होतं. मी पुढे विचारलंसुद्धा नसतं." तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी दुसरा चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं.

तुकडा त्यांनी फेकला, असं मी लिहिलं, तेही खोटं. तो वहीबरोबर त्याच पत्र्याच्या डब्यात होता. वही काढताना मी तो बाजूला ठेवला.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काही तरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं मला तुमच्यावर टाकायचं नाही. फक्त पंधरा तारखेच्या आत तुम्हाला हे कळायला हवं होतं.

वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचलं. खाली ठेवलं, पुन्हा वाचलं.

दादावर एकोणीस वर्षं रागावलो. त्या रागापायी मी त्याचं तोंडही पाहायला आलो नाही. आता तुम्ही म्हणता, त्याला माहीतच नव्हतं. तो राग मी आता कुठे ठेवू? तुमच्यावर ठेवायला गेलो तर ओलं फडकं फेकणाऱ्या वहिनी दिसतात. जमत नाही. पण जमेलही, अजून दोन दिवसांनी. तेव्हा मी काय लिहीन, ते मला ठाऊक नाही.

एक मात्र आत्ताच लिहितो. हे तुम्ही मला सांगितलंत. दादा जे बोलला ते त्याने मला नव्हतं सांगितलं. तो गेटवर बोलला. तिथे कंपाउंडर होता, पंक्चरवाला होता, बाकावरचे पेशंट होते, आणि हाताला पट्टी बांधून डॉक्टर उभे होते. त्यांनी मला गेटबाहेर काढलं. ती माणसं अजून तिथेच आहेत. पाकिटातलं खरं पाकिटातच राहिलं तर मी साहेबांना काय दाखवू?

धाकटा

७ एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र परवा आलं. काल सकाळी मी पत्र्याचा डबा पिशवीत घालून दवाखान्यात गेले.

गेट तेच आहे, निळं होतं ते आता करडं केलं आहे. बाकावर आठ-नऊ माणसं होती. कंपाउंडर म्हातारा झाला आहे, पण खोकणाऱ्यांवर तसाच खेकसतो. मला म्हणाला, "मावशी, नंबर घ्या." मी म्हणाले, मला औषध नको, डॉक्टरांना बाहेर बोलवा. "बाहेर कशाला?" "कारण तेव्हाही बाहेरच बोलणं झालं होतं." तो माझ्याकडे बघत राहिला. मग ओळख पटली आणि आत गेला. समोरून पंक्चरवाला हात पुसत आला. त्याला मी बोलावलं नव्हतं. पण बरं झालं.

डॉक्टर आले. आता त्यांचा मुलगा पेशंट तपासतो, ते नुसते बसतात. डाव्या हाताची बोटं वळत नाहीत. कोटाला बटणं नाहीत, पट्ट्या आहेत. मी गेटला धरून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गाठी, वाळलेलं फडकं, अकरा पानं आणि मग तो एक शब्द. मोठ्याने सांगितलं, कारण बाकावरचा एक माणूस कमी ऐकत होता आणि सारखा "काय म्हणतात?" विचारत होता. तुमच्या दादांना रंग दिसत नव्हते, तेही सांगितलं. वचन मोडलं. ते समजून घेतील, असं मी म्हणणार नाही, मला ठाऊक नाही.

डॉक्टरांनी तुकडा उजव्या हातात घेतला, उन्हात धरला. म्हणाले, "हिरवी आहे की." मग तो माझ्या हातात परत ठेवला. शेवटी म्हणाले, "हाताचं मी केव्हाच सोडून दिलं होतं, बाई. पण त्या पोराला मी इथून हाकलला. तो खाली मान घालून गेला, आणि मला वाटलं मी बरोबर केलं. ते तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत." त्यांनी तुमचा पत्ता मागितला. मी दिला. तुम्हाला राग आला तर येऊ दे, पण पत्ता द्यायला हवा होता.

परत निघाले तेव्हा पंक्चरवाला रस्ता ओलांडेपर्यंत बरोबर आला. म्हणाला, "तो पोरगा माझ्या दुकानात नट खोलायचे दोन पाने विसरून गेला होता. मी ते वापरले. आता परत द्यावे लागतील." मी म्हणाले, द्या.

सोबत एक चिठ्ठी आहे, तुमच्या साहेबांसाठी, माझ्या अक्षरात. तुम्ही त्या दिवशी चूक ओळखली होती आणि सांगितलीही होती, एवढंच तिच्यात आहे. कंपाउंडर आणि पंक्चरवाल्याने खाली सही केली आहे. ती द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. फळी तुमची आहे. मागितलीत तर पाठवीन, मागितल्याशिवाय नाही. तुकडाही याच पाकिटात घालते आहे.

काल घरी आल्यावर काही सुचलं नाही, भांडीसुद्धा तशीच राहिली. आज सकाळी दूध तापवलं, चादरी भिजत घातल्या आणि आठ वाजता शेडमध्ये जाऊन दार लावलं. रॉकेलची बाटली जवळ घेतली, फडकं ओलं केलं, त्या जळक्या तुकड्याची हिरवी वायर पुसली आणि तिला दोन गाठी मारल्या.

वहिनी